बिनहीटरची टाकी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी फिश टँक आहे. काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी. वाळू-दगड वजा जाता पन्नासच्या आतच. तीत सात झेब्रा डॅनिओ, पाच टिक्टो बार्ब आणि तळाशी तीन लहान लोच. हीटर नाही. इतकी नेमकी निवड मी क्वचित पाहिली आहे.

हीटर नसेल तर पुस्तकं पहिलं नाव घेतात ते व्हाइट क्लाउडचं. चीनमधल्या ग्वांगझौजवळच्या डोंगरी ओढ्यांतला हा देखणा मासा थंडीला खमका. पण ही शिफारस थंड देशांतल्या घरांसाठी आहे. कोल्हापुरात जानेवारीच्या रात्री पारा 14-15 अंशांवर येतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी 37-38 पर्यंत चढतो. दोन्ही टोकं सोसेल असाच मासा इथे हवा. व्हाइट क्लाउड थंडी मजेत काढेल. मे त्याच्या जिवावर बेतेल. 15 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात हवेचा पंप रात्रीही बंद करायचा नाही.

झेब्रा डॅनिओ मात्र आपल्या पाण्याचा, मोसमी पावसाच्या मुलखातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. दुकानात त्याची किंमत कमी, म्हणून लोक त्याला दुय्यम समजतात. हे मला पटत नाही. जवळून पाहा. कल्ल्यापासून निघालेले निळे पट्टे शेपटीच्या टोकापर्यंत अखंड जातात, कुठेही मोडत नाहीत. मधल्या पट्ट्यांत नराला सोनेरी झाक, मादीला रुपेरी, आणि मादीचं पोट भरदार. सगळी धावपळ पाण्याच्या वरच्या थरात. पाठलाग हा त्यांचा स्वभावच, म्हणून ते सहा-सातच्या खाली ठेवू नयेत. दोनच असले तर सगळा जाच एकाच्या वाट्याला येतो.

मधला थर टिक्टोचा. त्याचीही नोंद हॅमिल्टनच्याच ग्रंथातली, आणि हा मासा महाराष्ट्राच्या नद्यांतही भरपूर. रुपेरी अंग, कल्ल्यामागे एक काळा ठिपका, शेपटीजवळ दुसरा, मोठा. नर रंगात आला की पाठीचा पर लालसर होतो. लांब परांना चावे घेण्याची त्याला खोड आहे, म्हणूनच या टाकीत फायटर किंवा गप्पी नाही. गोल्डफिशही नाही: थंडी त्याला चालते, पण तो वाढतो फार आणि पाणी घाण करतो.

लोच दिवसा दिसतच नाहीत. बारीक वाळूत डोळ्यांपर्यंत रुतून बसतात, दिवेलागणीला मिशा हलवत बाहेर येतात. रंगीत टोकदार खडी टाकली असती तर हा तिसरा थर रिकामाच राहिला असता. मालकांच्या जाणतेपणाला मी सर्वांत जास्त दाद देतो ती या वाळूसाठी.

एक मोह त्यांनी टाळला आहे. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रियाटा, ही खुद्द पश्चिम घाटाची लेक. अंगभर आडवे-तिरके नाजूक पट्टे. कोल्हापूरच्या माशांवरचा लेख 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला, त्यात तिच्या एका प्रकाराला ‘कोल्हापुरेन्सिस’ हे नावच दिलं होतं. इतकी आपली असूनही ती इथे नको. तिला पाच-सहांचा कळप लागतो, दोन फुटांत तो कोंबल्यासारखा होतो. शिवाय ती आज धोक्यातल्या प्रजातींत गणली जाते, आणि मत्स्यालयांच्या बाजारासाठी तिची पकड होतच असते. मोठी टाकी असली तरी ओढ्यातून पकडलेली घेऊ नये. टाकीतच पैदास झालेली आहे अशी खात्री दुकानदार देत असेल तरच विचार करावा.