विज्ञाननाट्यातील सत्याभास : गंगाधरपंतांच्या निमित्ताने

विज्ञाननाट्यासंबंधी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. जे घडलेले नाही आणि बहुधा घडणारही नाही, त्याला वास्तवाचे निकष लावणेच मुळी असंगत, असा तो आक्षेप होय. त्याचे उत्तर ॲरिस्टॉटलने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे : अशक्य पण संभाव्य भासणारी घटना ही शक्य पण असंभाव्य भासणाऱ्या घटनेपेक्षा नाट्याला अधिक मानवते. प्रश्न उरतो तो एवढाच की, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ही संभाव्यता निर्माण होते कशाने?

रोनाल्ड मूर यांनी १९७८ सालच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन मालिकेची २००३ मध्ये नव्याने रचना केली, तेव्हा त्यांचे महत्त्वाचे निर्णय बहुतांशी त्यागाचे होते. परग्रहवासी वगळले, किरणास्त्रांच्या जागी साध्या गोळ्या आल्या, कॅमेरा वार्तापटाप्रमाणे हाती धरला गेला. युद्धनौकेवर तारेचे टेलिफोन दिसतात. शत्रू यंत्रमानव असल्याने संगणक परस्परांस जोडणे घातक, हा जुन्या युद्धाचा धडा त्यामागे आहे. जुनाटपणा येथे कथेतील भयाचाच परिणाम होय. एक गृहीत स्वीकारले की उर्वरित सर्व त्यातूनच उद्भवले पाहिजे, हा आपल्याकडील औचित्यविचाराशी जुळणारा नियमच तेथे पाळला गेला आहे.

हा नियम पाळण्यासाठी मराठी नाट्याने अंतराळात जाण्याची आवश्यकता नाही. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील गृहीत एवढेच आहे की, १७६१ मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटून गेली. पुण्याचे एक इतिहाससंशोधक मुंबईस निघतात आणि ज्या मुंबईत उतरतात, तेथे ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदत आहे. गाडीत परवाने तपासले जातात. डब्यांवर लहानसा ब्रिटिश ध्वज रंगविलेला आहे. मुलाच्या कचेरीत चौकशी करावी, तर त्या नावाचा कोणी तेथे नाहीच.

या कथेवर नाट्य रचणाऱ्या दिग्दर्शकाला पहिला मोह येथेच पडेल. पुत्र नाहीसा झालेल्या पित्याचा आक्रोश दाखविणे सोपे आहे. परंतु मूळ कथेतील पंत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात, स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवितात आणि दोन इतिहासांची वाट नेमकी कोठे फुटली, हे शोधतात. कथेचे विज्ञान या वर्तनात आहे. भांबावलेला मनुष्य पुराव्याकडे वळतो, यापरते वैज्ञानिक वृत्तीचे दुसरे नाट्यरूप सहसा सापडणार नाही. म्हणून पडद्यावर सर्वाधिक अवकाश या प्रसंगाला मिळावयास हवा. उलट, अखेरीस राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आधारे जे स्पष्टीकरण देतात, ते वाचकाला रुचले तरी प्रेक्षकाला व्याख्यान वाटेल. ते संक्षिप्त करणे हा विज्ञानाचा अपमान नव्हे. खिशात उरलेले बखरीचे फाटके पान त्याचे बरेचसे कार्य करून जाते.

गृहीताचे परिणाम किती दूरवर न्यावेत, ही दुसरी कसोटी. कथा मुंबईच्या मार्गावरच थांबते; परंतु मालिकेला भूगोल विस्तारावा लागेल. उदाहरणार्थ, जबलपूर घेतले तर काय होईल? १८१७ च्या अखेरीस हे नगर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. पानिपत जिंकले गेले असते, तर हे हस्तांतर झालेच नसते. मग १९०४ चा तोफगाड्यांचा कारखाना तेथे नसेल. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या दोन्हींकडून आलेले लोहमार्ग जेथे जोडले गेले, ते स्थानक कदाचित नुसते सरहद्दीचे नाके ठरेल. त्रिपुरी काँग्रेसच्या (१९३९) स्मरणार्थ उभारलेला कमानिया गेट तर असूच शकत नाही. ज्या चौकात ती कमान दिसावयाची, तेथे मोकळे आकाश दाखविणारे एक चित्रण भव्य देखाव्याहून अधिक बोलके होईल. काय उभारावे, याइतकेच काय काढून टाकावे, हे कलादिग्दर्शकाला कळले पाहिजे.

सर्वांत बिकट प्रश्न भाषेचा आहे. मराठी सत्ता टिकलेल्या प्रदेशात कचेऱ्यांतून पेशवाईतील फारसी शब्द—दाखला, रवानगी, रुजुवात—जिवंत राहिले असते आणि स्थानकाची पाटी बहुधा मोडी लिपीत असती. आजच्या बहुतेक प्रेक्षकांना मोडी वाचता येत नाही. तेव्हा पाटी देवनागरीत लिहून सत्य मोडावे, की मोडीत लिहून प्रेक्षक गमवावा? हा पेच वाटतो तितका खरा नाही. पाटी मोडीतच असावी आणि एखाद्या उतारूने गावाचे नाव सहज उच्चारावे. पंतांसारखा बखरींत रमणारा संशोधक ती पाटी अडखळल्यावाचून वाचतो, भोवतालचे सामान्य लोकही वाचतात, आणि परका उरतो तो केवळ प्रेक्षक. आपल्याच भाषेत आपण निरक्षर ठरल्याची ती जाणीव कोणत्याही यंत्रचमत्काराहून खोलवर जाईल.

‘कॅप्टन व्योम’ (१९९८) सारख्या मालिकांनी अंतराळातील अद्भुताची आवड भागविली, आणि तिलाही आपले स्थान आहे. परंतु वास्तवनिष्ठ विज्ञाननाट्याची मागणी वेगळी आहे. ते खर्चाआधी विवेक मागते. गोळी एका केसाच्या अंतराने चुकली, एवढे मान्य करून जो लेखक पाटीवरील अक्षरापर्यंत पोहोचतो, त्याच्यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो. वाटेत जो थांबतो, त्याची नौका किती का देखणी असेना, ती पुठ्ठ्याचीच राहते.