‘असं आपलं मला वाटतं’ आणि ‘दासबोधा’चा पहिला समास

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ. स. १६०८). त्यांच्या रोखठोकपणाचे कौतुक आपण करतो ते आशयासाठी. येथे पाहायची आहे ती वाक्याची बांधणी.

‘दासबोधा’च्या पहिल्याच समासात श्रोते विचारतात : ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळेल? रामदास लगेच उत्तर देतात : नाव, विषय, आधारग्रंथ, फळ. कोठेही ‘बहुधा’ नाही. गणेश, शारदा पुढच्या समासांत. श्रोत्यांचे स्तवन तर थेट सहाव्यात. ‘ज्ञानेश्वरी’त याउलट नमन आधी, आणि पहिल्या अध्यायातच चोचीने समुद्र मापू पाहणाऱ्या टिटवीशी कवी स्वतःची तुलना करतो. पण ही नम्रता दुबळी नव्हे. ती वक्त्याविषयी आहे, विधानाविषयी नाही. निरूपण सुरू झाले की ज्ञानदेवही डगमगत नाहीत.

हा भेद आपल्या बोलण्यातून निसटतो. कल्पना करा, ग्रामसभेत एखादी बाई म्हणते, ‘नाही म्हणजे, माझं चुकत असेल, पण टँकर आठ दिवस आला नाही बहुतेक, असं आपलं मला वाटतं.’ कोरडा हंडा तिने स्वतः पाहिला आहे. तरी सभेला ऐकू जाते ती शंका. इतिवृत्तात तक्रार उतरत नाही.

रॉबिन लेकॉफ यांनी १९७५च्या पुस्तकात अशा लकबी ‘बायकांच्या’ म्हणून नोंदवल्या होत्या. ओबार आणि ॲटकिन्स यांनी त्याच दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यायालयात साक्षी ऐकल्या, तेव्हा त्या पुरुषांतही सापडल्या. समाजातले स्थान आणि कोर्टाचा सराव यांच्याशी त्यांचा संबंध अधिक होता. ध्वनिफिती ऐकवून घेतलेल्या प्रयोगांत अशा भाषेतली साक्ष कमी विश्वसनीय ठरली.

मग ‘ठाम बोला’ म्हणून मोकळे व्हावे? व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके तेच करतात. लिंडा कार्ली यांच्या १९९०च्या अभ्यासात मात्र कचरत बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे पुरुषांना अधिक पटले, स्त्रियांना कमी. ‘तोंडाळ’ हे विशेषण आपल्याकडे कोणाला लागते ते आठवावे. रामदासांना ती धास्ती नव्हती. म्हणून या बाईला जांबच्या सुरापेक्षा ज्ञानदेवांची रीत जवळची आहे : नम्रता आरंभी, आणि स्वतःपुरतीच. ‘लहान तोंडी मोठा घास घेते. टँकर आठ दिवस आलेला नाही.’ दुसऱ्या वाक्यात ‘बहुतेक’ नको.