‘शाळा’मधील पाठलाग आणि किशोरवयीन लैंगिक आक्रमकता

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी बहुधा निरागस पहिल्या प्रेमाची कथा म्हणून वाचली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन अपुरे आहे. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, निवेदक मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकरवर जडलेली नजर, हा विषय गोड खराच. परंतु ‘लाइन देणे’ हा शब्दप्रयोग पाहावा. मुलीने सहज वळून पाहिले, तरी त्याचा अर्थ मुलांचा कंपू ठरवतो. तिला विचारले जात नाही.

लैंगिक आक्रमकतेचे संशोधनही नेमके येथेच बोट ठेवते. आशिया-पॅसिफिकमधील सहा देशांत दहा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. (भारत त्यात नव्हता.) बलात्कार केल्याचे सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पहिला गुन्हा किशोरवयात केला होता, आणि सर्वाधिक सांगितलेले कारण होते ‘आपला हक्क’ ही भावना. बालपणी सोसलेला छळ आणि पुरुषत्वाच्या वर्चस्ववादी कल्पना यांचाही संबंध त्यात आढळला. म्हणजे केवळ वासनेकडे बोट दाखवून भागत नाही.

मुकुंद आक्रमक नाही, हे मान्य केलेच पाहिजे. त्याला नरूमामासारखा मोकळेपणी बोलणारा माणूस लाभला आहे. सुऱ्या मात्र केवड्याला थेट विचारतो आणि प्रकरण चिघळते. कंपूतील बोलणे एकच, पण त्यातून दोन वाटा फुटतात, हे बोकीलांनी अचूक टिपले आहे. मर्यादा निवेदनाची आहे. शिरोडकरला पाठलागाची भीती वाटली की कंटाळा आला, हे वाचकाला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. उर्दू गझलेतही प्रेयसीचा नकार ‘अदा’ ठरतो. आम्ही तो वर्षानुवर्षे रसग्रहण म्हणून शिकवत आलो.

२००७ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबला. तेव्हा जोयडा, रामनगर, जगलबेटकडील मुलांना या विषयावर बोलण्यासाठी भाषेचा तास तरी मोकळा हवा. अध्यापक बंधुभगिनींनी ‘शाळा’ जरूर शिकवावी. परीक्षेत मात्र नेहमीच्या ‘मुकुंदाचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न घालावा : मुकुंद मागून चालत येत आहे हे लक्षात आल्यावर, त्या संध्याकाळी शिरोडकरने आपल्या वहीत काय लिहिले असेल?