कळ सोडताना : मिडी, ड्रायव्हर आणि झाडीपट्टीतला सूर

झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. धान कापून झालं, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, आणि रात्री मंडपात नाटक लागतं. पडदा वर जातो रात्री उशिरा आणि खाली येतो पहाटे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचं केंद्र. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रानं या रंगभूमीकडे जरा वळून पाहिलं. तिच्या नटांविषयी, तिच्या अर्थकारणाविषयी आता लिहिलं जातं. वादक जिथे बसतात त्या कोपऱ्याविषयी मात्र फारसं कोणी लिहीत नाही.

त्या कोपऱ्यात एकेकाळी ऑर्गन आणि तबला असे. आज तिथे सिंथेसायझर असतो (कंपनी कोणतीही असो, गावात त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात) आणि सोबत ऑक्टोपॅड. मी ना संगीत शिकलो, ना संगणकशास्त्र. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढे कीबोर्ड उघडू लागलो, आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाद्यांच्या माहितीपुस्तिका वाचत गेलो. त्यातून एका वादकासाठी लॅपटॉपवरून सिंथेसायझर चालवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रवेश बदलला, की एका बटणात वाद्याचा आवाज बदलावा, पट्टी बदलावी, एवढीच त्याची मागणी होती. प्रस्तुत लेख त्या प्रोग्रॅमच्या फजितीतून जन्मला आहे.

नाटकात आईच्या मृत्यूचा प्रवेश होता. नट पद म्हणत होता आणि वादकानं मागे षड्ज धरून ठेवला होता. पट्टी खाली पडते आहे अशी नटानं डोळ्यांनीच खूण केली. वादकानं प्रोग्रॅममध्ये काळी एकची पांढरी दोन केली आणि धरलेली कळ सोडली. सूर थांबलाच नाही. नवी पट्टी सुरू झाली तरी जुना षड्ज अर्ध्या सुरानं खाली तसाच वाजत राहिला. “भाऊ, सूर सुटून नाही राह्यला!” असं तो दबक्या आवाजात दोनदा म्हणाला. शेवटी त्यानं वाद्याचा वीजपुरवठाच बंद केला. वाद्य पुन्हा सुरू होईपर्यंत पद कोरडंच म्हटलं गेलं. मागे कोणीतरी हसलं. पहाटेच्या चहापर्यंत तो नट माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

चूक वाद्याची नव्हती, माझी होती. मिडीच्या भाषेत काळी एकचा षड्ज म्हणजे कळ क्रमांक ६१ आणि पांढरी दोनचा ६२. माझ्या प्रोग्रॅमनं आधी ‘६१ दाबली’ असं कळवलं होतं. मध्ये पट्टी बदलली आणि सोडताना त्यानं नवा हिशेब करून ‘६२ सोडली’ असं कळवलं. ६२ मुळी कोणी दाबलीच नव्हती. ६१ सोडल्याचं वाद्याला कोणी सांगितलं नाही. वाद्यानं तंतोतंत आज्ञा पाळली.

बोटाची भाषा

मिडी, म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, ही वाद्यांची सामायिक भाषा १९८३ साली आली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य शिल्पकार. त्या जानेवारीत एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलनं जोडले आणि एकावर बोट ठेवताच दुसरा वाजला. ही साधी गोष्ट नव्हती. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक लिपी मान्य केली होती, आणि तेव्हाचं वाद्य आजही आजच्या संगणकाशी बोलतं. सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक सूर वाजवायला तीन बाइट आणि जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो. माझ्यासारखा माणूस ही भाषा कागद-पेन्सिल घेऊन वाचू शकतो, हे तिचं मोठेपण मी विसरत नाही.

पण कोणत्याही संहितेला विचारावा तो प्रश्न तिलाही विचारायला हवा : इथे बोलणारा कोण आहे असं गृहीत धरलं आहे? मिडीचं मुख्य वाक्य ‘हा सूर वाजव’ असं नाही. ते ‘अमुक कळ, अमुक वेगानं दाबली’ असं आहे, आणि नंतर ‘अमुक कळ सोडली’. म्हणजे हे बोटाचं वर्णन आहे, तेही पियानोवरच्या बोटाचं. कळा ० ते १२७, वेग ० ते १२७. दोन कळांच्या मधली जागा या वाक्यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळा निरोप आहे, पिच बेंड. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकावा भरपूर. पण तो एका कळेला लागू होत नाही, सगळ्या चॅनेलला होतो. एक सूर ओढला, की त्या चॅनेलवर वाजणारे सगळे सूर त्याच्याबरोबर ओढले जातात. षड्ज स्थिर ठेवून त्यावर मींड घेणं, जे आपल्याकडे साथीचं पहिलं काम, तेच इथे आडवाटेचं ठरतं.

१९९१ साली ‘जनरल मिडी’ची १२८ आवाजांची ठरलेली यादी आली. तीत १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ वर सनई आहे. हार्मोनियम त्या नावानं नाही. तालवाद्यांसाठी दहावा चॅनेल राखून ठेवला आहे. त्यावरच्या ४७ आवाजांत बोंगो, कोंगा, त्रिकोणी घंटा सगळं आहे. तबला नाही, ढोलकी नाही. यादी करणाऱ्यांचा दुष्टावा त्यात शोधू नये. पण ज्याला यादीत नाव नाही, त्याला वाजवण्याचा सरळ मार्गही राहत नाही, हे ध्यानात घ्यावं.

जुनाच वाद

यावर आपल्याकडचे जाणकार म्हणतील की दोष सिंथेसायझरचाच. तो लोकरंगभूमीत यायलाच नको होता. मला हे पटत नाही. हेच हार्मोनियमविषयी म्हटलं गेलं होतं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेप खोटा नव्हता. समान वाटणीच्या पट्टीत गांधार आपल्या नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट चढा बोलतो (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). परंतु बंदीच्या कितीतरी आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दुसरा रस्ता धरला होता. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा प्रयत्न केला. ते वाद्य घरोघरी गेलं नाही. पण वाद्याला हाकलण्याऐवजी त्याच्या कळांची मांडणी बदलून पाहावी, ही देवलांची दिशा मला आजही योग्य वाटते. आता लाकूड आणि पितळी सूरपट्ट्या बदलाव्या लागत नाहीत. बदलायचा असतो तो मधला दुभाषा.

दुभाष्याचे शब्द

ड्रायव्हर हा तो दुभाषा. वरून प्रोग्रॅम त्याला सांगतो, खाली तो वाद्याच्या भाषेत कळवतो. त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं याची ठरलेली यादी म्हणजे इंटरफेस. मराठी, गोंडी आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गडचिरोलीच्या दक्षिण भागात दुभाष्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तो शब्दाला शब्द ठेवून मोकळा झाला, तर भांडण लागतं.

बहुतेक ड्रायव्हर मात्र नेमकं हेच करतात : दिलेले बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतात. रोलंड कंपनीच्या १९८४ च्या एमपीयू-४०१ या जोडयंत्रात दोन रीती होत्या. ‘बुद्धिमान’ रीतीत यंत्र स्वतः वेळेचा हिशेब ठेवी. साध्या रीतीत ते नुसता निरोप्या होई. पुढे संगणक वेगवान झाले, साधी रीतच टिकली आणि अनेक नकलांत तेवढीच उरली. व्यवहाराच्या दृष्टीनं हे बरोबर होतं. पण शहाणपण यंत्रातून काढलं, तर ते दुसरीकडे कुठेतरी ठेवावं लागतं. माझा पहिला ड्रायव्हर निरोप्याच होता. पट्टीचं गणित मी वर, प्रोग्रॅममध्ये केलं होतं, आणि कोणती कळ खरोखर वाजते आहे याची नोंद कुठेच नव्हती.

दुसऱ्या वेळी मी मिडीचं माहितीपत्रक मिटून ठेवलं आणि वादक रात्रभरात काय काय बोलतो ते लिहून काढलं. त्यातून पाच शब्द उरले : लाव, सोड, ओढ, पट्टी, गप्प.

‘लाव’ म्हटलं, की ड्रायव्हर एक पावती देतो. तिच्यावर पाठवलेला कळ क्रमांक आणि चॅनेल लिहिलेला असतो. ‘सोड’ला कळ क्रमांक सांगायचाच नाही, पावती परत द्यायची. मध्ये पट्टी दहादा बदलो, सुटते ती धरलेलीच कळ. ‘पट्टी’ फक्त पुढे लागणाऱ्या सुरांना लागू होते. ‘गप्प’ आधी सगळ्या थकीत पावत्या फेडतो आणि मगच मिडीचा सर्व सूर बंद करण्याचा निरोप, क्रमांक १२३, पाठवतो; कारण काही वाद्यं तो निरोप ऐकतच नाहीत.

‘ओढ’नं मला सर्वांत जास्त छळलं. ओढायच्या सुराला स्वतंत्र चॅनेल द्यावा लागतो, आणि चॅनेल सोळाच. सहसा वाद्य दोन अर्ध्या सुरांपर्यंत ओढू देतं. तेवढ्या मर्यादेत नैसर्गिक गांधारासाठी मध्यबिंदूपासून, म्हणजे ८१९२ पासून, साधारण ५६१ पायऱ्या खाली यावं लागतं. वाद्याची मर्यादा वेगळी असेल, तर हाच आकडा बेसूर होतो. म्हणून प्रत्येक वाद्याच्या क्षमतेची एक साधी वही ड्रायव्हरबाहेर ठेवली. ती देवनागरीत आहे आणि वादक स्वतः दुरुस्त करू शकतो. वाद्याला जमत नसेल, तर ड्रायव्हर ‘जमत नाही’ असं स्पष्ट उत्तर देतो. गुपचूप जवळचा सूर लावून तो वेळ मारून नेत नाही.

चॅनेल वाटून मींड घेण्याची युक्ती २०१८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सुराला स्वतःची ओढ आणि दोन्ही बाजूंनी संवाद आला. म्हणजे उणीव खरी होती. माझ्या ओळखीच्या वादकांची वाद्यं त्याआधीची आहेत, बरीचशी जुन्या बाजारातली. ती एकतर्फी ऐकतात. वादकानं हातानं आवाज बदलला, तर ड्रायव्हरला कळत नाही आणि त्याची वही खोटी पडते. अशा वेळी कोणाचं खरं मानायचं? मी ठरवलं : हाताचं. पुढचा प्रवेश सांगेपर्यंत ड्रायव्हरनं आवाजाला हात लावायचा नाही. यामुळे कधी चुकीचा आवाज राहून जातो, पण वादकाचं वाद्य त्याच्या हातून काढून घेतल्यासारखं होत नाही.

तबल्याचा प्रश्न या पाच शब्दांनी सुटलेला नाही. मारलेल्या बायाचा सूर मनगटानं वर चढवणं ऑक्टोपॅडच्या एका टोल्यात कसं सांगावं, हे मला अजून जमलेलं नाही. जमत नाही तोवर ड्रायव्हर तसंच उत्तर देतो. पहिल्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर मी ‘ट्रान्सपोज’ लिहिलं होतं. वादकानं त्यावर चिकटपट्टी लावून पेननं ‘पट्टी’ लिहिलं होतं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मी तोच शब्द ठेवला.

आता प्रत्येक प्रयोगाआधी, मंडप रिकामा असताना, आम्ही एक परीक्षा घेतो. तो काळी एकचा षड्ज धरतो, मी पट्टी पांढरी दोन करतो, तो बोट उचलतो. मग आम्ही दोघं क्षणभर काहीच न बोलता ऐकत राहतो.