'फुलराणी'च्या लग्नातील अनुपस्थित घर : बालकवींच्या स्वप्नसृष्टीचा पुनर्विचार

बालकवींच्या कवितेविषयी लिहिताना 'निसर्गकवी' आणि 'पलायनवादी' ही विशेषणे आपल्याकडे इतकी सहज वापरली जातात की, हे पलायन नेमके कशापासून होते, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. प्रस्तुत लेखात 'फुलराणी'च्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत राहिले आणि मुलाचे शिक्षण तुटक झाले. 'वनमुकुंद' ही त्यांची पहिली कविता नवापूरच्या वास्तव्यातील, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमाराची. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' म्हणून गौरविले. पुढील आयुष्यात आर्थिक ओढाताण आणि संसारातील बेबनाव यांनी त्यांची पाठ सोडली नाही. तेव्हाच्या अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त भेटणारे ठोंबरे हे वयाने वाढलेले, पण मायेसाठी आसुसलेले मूलच वाटतात.

'फुलराणी' शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, हिच्या लग्नात हिची आई कुठं आहे?" त्या वेळी मी, खरे सांगावयाचे तर, रूपकाचे कारण सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मर्मावर बोट ठेवणारा होता. कवितेच्या आरंभी ही कळी आईच्या मांडीवर झोके घेणारी, प्रणयाची गंधवार्ता नसलेली पोर आहे. रात्र सरते आणि तिचे लग्न उभे राहते. चंडोल बोलणी पक्की करावयास निघतो, वारा सनई वाजवितो, झरे पखवाज धरतात, फेटे बांधलेले वऱ्हाडी आकाशातून उतरतात, दवाचा अंतरपाट दूर होतो. मांडवातील एवढा तपशील कवीला दिसतो. आई मात्र पुन्हा दिसत नाही. कन्यादान नाही, मानपान नाही, व्याह्यांचे रुसवे नाहीत, आणि मुख्य म्हणजे पाठवणी नाही. खानदेशातील लग्न ज्याने पाहिले आहे, त्याला ही गाळलेली जागा जाणवावी. रविकिरण आणि फुलराणी भेटतात तेथेच सोहळा पूर्ण होतो. ज्या घरात नांदावयाचे, ते घर कवितेत येतच नाही.

म्हणून हे निसर्गाकडे केलेले सरळ पलायन आहे, असे मला वाटत नाही. कवी रानात जातो, पण तेथे कुटुंबाचाच सर्वांत मोठा समारंभ मांडतो. फक्त त्यातून कुटुंबाचे जाच काढून टाकतो. घरच्या भांडणांना कंटाळलेले मूल परसात जाऊन भातुकलीचे घरच मांडते, तशी ही कल्पनेची रीत आहे. शेवटी कवी स्वतःही त्या सोहळ्यात शिरतो, ही बाब समीक्षेने नुसती काव्यदेवतेची आराधना म्हणून सोडून देऊ नये.

चरित्र कवितेवर लादण्याचा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो काही अंशी रास्त आहे. गद्यात कारण उघड सांगता येते. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधील (१९९४) लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो, हे कथाच सांगते; त्याचे कल्पनेत रमणे त्या दुराव्यासह वाचता येते. बालकवींची कविता असे कारण देत नाही. तिच्यातून आई अदृश्य होते, एवढाच पुरावा आपल्या हाती आहे. परंतु 'पारवा' शेजारी ठेवली की तो पुरावा बळावतो. तेथे भिंती खचलेली, खांब कललेले एक निवाऱ्याचे ठिकाण दिसते, आणि तेही घर नव्हे, पडकी धर्मशाळा आहे. बदलीच्या गावांतून वाढलेल्या मुलाला ती प्रतिमा सुचावी, यात नवल नाही. आपण वर्गात 'फुलराणी' कोवळेपणासाठी आणि 'पारवा' उदासीनतेसाठी वेगवेगळ्या तासांना शिकवितो. त्या एकाच तासाला, एकापाठोपाठ वाचून पाहाव्यात.