छत पुरे झाले, थडगे राहिले

कॅरोल रीड यांचा ‘द ॲगनी अँड द एक्स्टसी’ (१९६५) सिस्टाइन चॅपेलच्या छताची (१५०८-१५१२) कहाणी सांगतो. मायकेल अँजेलो झालेला चार्ल्टन हेस्टन आणि पोप दुसरा ज्युलियस झालेला रेक्स हॅरिसन यांची जुगलबंदी आम्हांस आवडली. शेवटही आम्हांस गोड वाटला असता: चित्रे पुरी होतात आणि पोप शिल्पकाराला आपल्या थडग्याच्या कामाला लागायला सांगतो. पण ते काम पोपनेच १५०५ मध्ये देऊन मग बाजूला सारले होते. १५१३ मध्ये पोप वारला. थडगे रखडत, आक्रसत १५४५ मध्ये उभे राहिले. आश्रयदाता कलावंताला संधी देतो, तसे त्याचे आयुष्यही खर्च करतो. चित्रपट पहिली बाजू दाखवतो. दुसरीपाशी पोहोचण्याआधीच पडदा पडतो.