मेलुहात शंबूक कुठाय?

अमीश त्रिपाठी यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही कादंबरी २०१० साली आली. आपली कॉलेजातली पोरंही ती वाचतात. वाचावी. गोष्ट रंगतदार आहे. तिच्यात शिव देव नाही, तिबेटातून आलेल्या टोळीचा नायक आहे. सोमरस म्हणजे औषध. पुराण घ्यायचं, त्यातला चमत्कार सोलून काढायचा, त्या जागी शास्त्र बसवायचं, ही या अद्भुताची रीत.

चमत्कार सोलला. वर्ण मात्र तसाच ठेवला.

सिंधूकाठच्या या मेलुहात मूल जन्मलं की राज्याच्या ताब्यात जातं. सगळी पोरं एकत्र वाढतात, परीक्षा होते आणि गुण बघून ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ठरतात. वाचणाऱ्याला वाटतं, वा, काय न्याय आहे!

मित्रहो, हा माल जुना आहे. गुणावरचं चातुर्वर्ण्य आर्यसमाजी सांगतच होते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याची चिरफाड केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ते भाषण होऊ दिलं नाही, तेव्हा स्वतः छापलं. त्यांचा सवाल सरळ होता. माणूस गुणानंच ओळखायचा, तर ब्राह्मण-शूद्र ही जुनी लेबलं कशाला? आणि ही व्यवस्था दंडाशिवाय टिकत नाही. म्हणून तर रामाला शंबूक मारावा लागला.

आता कादंबरी बघा. मेलुहाची व्यवस्था रामानंच घालून दिलेली. शंबूक गायब!

लेखकाला विटाळ दिसत नाही असं नाही. त्याच्या मेलुहात ‘विकर्म’ माणसं आहेत. मागच्या जन्माचं पाप म्हणून त्यांना शिवायचं नाही. शिव तो कायदा रद्द करायला लावतो. हे श्रेय लेखकाला दिलंच पाहिजे. पण या विटाळाचं दुःख आपण बघतो ते राजकन्या सतीच्या डोळ्यांनी. आणि सुटका येते वरून, नीळकंठाच्या हातून. महाडला १९२७ साली कुणी नीळकंठ आला नव्हता. माणसं आपल्या पायांनी तळ्यावर गेली.

म्हणून काय दंतकथा फेकून द्यायच्या? मुळीच नाही. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावतार उलटे करून वाचले. बळीचं राज्य तर आयाबायांच्या तोंडी होतंच. तीही कल्पनेतलीच नगरी, पण कष्टकऱ्यांनी मागितलेली. अद्भुत लिहायचं तर तिथून लिहा. फक्त आपल्या नगरीत परीक्षा कोण घेतो आणि नापास झालेल्याच्या मानेवर तलवार कोण ठेवतो, हे लपवू नका.